१२० क्रेडिट आणि रात्रपाळीचा प्रश्न

पदवी अर्धवट सुटली तेव्हा मी २२ वर्षांची होते. पुन्हा अर्ज भरला तेव्हा ४१. मधली वर्षं एका मोठ्या गोदामात गेली, त्यातली शेवटची ९ कामगारांच्या पाळ्या लावण्यात.

जनरल स्टडीजची, म्हणजे वेगवेगळे विषय मिळून होणारी पदवी निवडली, कारण आधी शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नव्हतं. एकाच विषयाच्या पदवीला त्या विषयाची ठरलेली साखळी पुरी करावी लागते. माझं थोडं अर्थशास्त्र, थोडा इतिहास, थोडं गणित त्यात कुठेच बसत नव्हतं. इथे सगळं मिळून १२० क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाची एककं, हवी होती आणि विषय निवडायची बरीच मोकळीक होती.

जुन्या गुणपत्रिकेवर ४८ क्रेडिट होती, मान्य झाली ३०. बाकीच्यांपुढे एकच शेरा होता, ‘अभ्यासक्रमाचा तपशील नाही’. गुणपत्रिकेवर विषय आणि गुण दिसतात, त्या वर्षी वर्गात काय शिकवलं ते दिसत नाही, आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच पाहायचं असतं. जुन्या महाविद्यालयाकडून त्या वर्षांचे सिलॅबस मिळवायला चार महिने आणि तीन पत्रं लागली. त्यावर आणखी ९ क्रेडिट मिळाली. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, सिलॅबस आधी मागवा, अर्ज मग भरा.

कामाच्या अनुभवावरही क्रेडिट मागता येत होती. पहिल्यांदा मी माझ्या जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी लिहून दिली. ती परत आली. नुसत्या अनुभवाला क्रेडिट नसतं, त्यातून काय शिकलात ते दाखवावं लागतं. मग एका रात्रपाळीला किती माणसं लागतील हा हिशेब मी कसा करते, तो कुठे चुकला, चुकल्यावर काय बदललं, हे जुन्या पाळीपत्रकांसकट मांडलं. ६ क्रेडिट मिळाली. त्या ६ चा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

उरली ७५. एका क्रेडिटला वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण ४५ तास. म्हणजे ३ क्रेडिटचा विषय १५ आठवड्यांत करायचा तर आठवड्याला ९ तास, दोन विषय घेतले की १८. नोकरी सांभाळून यापेक्षा जास्त झेपणार नाही, हे कागदावरच कळलं. वर्षाला तीन सत्रं, प्रत्येक सत्रात दोन विषय. चार वर्षं आणि वर एक सत्र.

पहिल्या वर्षी वेळेत बसतील ते विषय घेतले. कलेची ओळख, हवामानशास्त्र, भाषणकला. गुण चांगले पडत होते, पण एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. सल्लागार बाईंनी यादी पाहिली आणि विचारलं, “यातून तुम्हाला काय शोधायचंय?” मी गप्प बसले. घरी जाताना मात्र उत्तर समोर होतं. रात्रपाळी करणारी माणसं इतकी का थकतात? दिवसा झोपायला वेळ मिळूनही?

त्यानंतर प्रत्येक विषय त्या प्रश्नाला धरून निवडला. इतिहासात कळलं की उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने १९१९ साली घातली. जीवशास्त्रात झोप-जाग ठरवणारं शरीराचं घड्याळ भेटलं. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल त्याच्याच संशोधनाला मिळालं होतं. आरोग्याच्या विषयात वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. त्या पाळ्या मी लावत होते.

संख्याशास्त्राने रडवलं. पाठ पुन्हा पुन्हा वाचायचे आणि परीक्षेत कोरी व्हायचे. वाचणं कमी केलं, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहायला लागले, तेव्हा ते डोक्यात राहायला लागलं.

या पदवीची एक बाजू आधी माहीत असायला हवी. मोकळीक असली तरी वरच्या पातळीच्या विषयांची ठरावीक क्रेडिट लागतातच, आणि त्या विषयांना आधीचे विषय लागतात. शिवाय पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर तिथे कोणते विषय मागतात ते पहिल्याच वर्षी पाहा. मी तिसऱ्या वर्षी पाहिलं आणि एक विषय जादा करावा लागला.

शेवटच्या सत्रात फक्त प्रकल्प उरला होता. विषय होता पाळ्या फिरवण्याची दिशा. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे बहुतेकांना झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं जड जातं. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम त्याला मानवतो. मी इतकी वर्षं रात्र, दुपार, सकाळ असा लावत आले होते. तोच क्रम आधीपासून चालत आला होता आणि मी कधी विचारलं नव्हतं.

प्रकल्पाची एक प्रत परीक्षकांना दिली, दुसरी आमच्या व्यवस्थापकांना. पुढच्या महिन्याचं पाळीपत्रक उलट्या दिशेने लावलं. पदवीचा कागद त्यानंतर दोन महिन्यांनी आला.