आकडा किती झाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: अकरा. वीस वर्षं हिंडून फक्त अकरा राष्ट्रीय उद्यानं, असा चेहरा बहुतेक जण करतात. देशात ती शंभरावर आहेत, त्यामुळे चेहऱ्याला माझी हरकत नाही. माझं मोजणंच कंजूष आहे.

अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प आणि राष्ट्रीय उद्यान यांना आपण सरसकट 'जंगल' म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तसं नाही. अभयारण्यात गुरं चारायला परवानगी मिळू शकते, उद्यानात नाही. म्हणून माझं सगळ्यात लाडकं नागझिरा माझ्या उद्यानं मोजायच्या वहीत नाही, ते अभयारण्य. आणि शेजारचं नवेगाव आहे. मेळघाटाने तर मला फसवलंच. चिखलदऱ्याला दोनदा राहून आले आणि ऐटीत चौथा क्रमांक टाकला. पुढे कळलं, मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प, त्यातलं उद्यान ते गुगामल, आणि तिथे मी पाऊलही टाकलेलं नव्हतं. लाल पेनाने काट मारली. पुढचे क्रमांक बदलले नाहीत, त्यामुळे वहीत शेवटचा आकडा बारा दिसतो.

पेंचवरून भाच्याशी दरवर्षी वाद. "मावशी, नदी एक, जंगल एक, वाघही इकडचे तिकडे जाणार. दोन कशी धरतेस?" अरे, पण कागदावर दोन आहेत ना! महाराष्ट्रातलं जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं, मध्य प्रदेशातलं इंदिरा प्रियदर्शिनी. सिल्लारी आणि तुरिया, दोन्ही गेटच्या पावत्या माझ्याकडे आहेत. तो याला लबाडी म्हणतो. थोडी आहेच.

बोरिवलीचं मात्र उशिरा लिहिलं. मुंबईत 'नॅशनल पार्क' म्हटलं की तेच, पण लहानपणी तिथल्या वनराणी या छोट्या रेल्वेत बसून खाल्लेल्या चिवड्याला भेट कसं म्हणायचं? कान्हेरीची लेणी पायी चढून गेले, त्या दिवशी नोंद केली.

आकड्यानंतर तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला: वाघ दिसला का? वाघ मी वहीत लिहीत नाही. ताडोब्याला पहिल्या दिवशी कोअरचं, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचं, बुकिंग मिळालं नाही, म्हणून आगरझरीला बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यात गेलो. वळणावर वाघीण रस्त्यातच बसलेली. जिप्सीत कोणी हलेना, गाईडसुद्धा मोबाईल काढायचा विसरला. पण बफर म्हणजे उद्यान नव्हे. दुसऱ्या दिवशी मोहर्लीतून आत गेलो, थेट ताडोबा तलावापर्यंत. एक मगर, दोन सांबरं आणि नाकातोंडात धूळ. नोंद झाली ती या फेरीची: 'ताडोबा, १९५५, राज्यातलं सगळ्यात जुनं.'

खाली बारीक अक्षरात, पेन्सिलने, 'वाघीण आदल्या दिवशी' असंही लिहिलंय. भाच्याला ते पान दाखवलेलं नाही.