आकडा खोटा नव्हता

त्या दिवशी आम्ही विशीतल्या मुलामुलींच्या दातांची संवेदना मोजत होतो. काम तसं सोपं. दात कापसाने कोरडा करायचा, पल्प टेस्टरच्या, म्हणजे दाताच्या आतला मऊ, संवेदनशील गाभा (पल्प) विजेने तपासणाऱ्या यंत्राच्या, टोकाला टूथपेस्टचा ठिपका लावायचा आणि टोक दातावर टेकवायचं. यंत्र 0 पासून 80 कडे हळूहळू विजेचा प्रवाह वाढवत जातं. मुंग्या आल्यासारखं वाटलं की समोरच्याने हात वर करायचा. दुखेपर्यंत थांबायचं नसतं, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. आमच्या यंत्रावर निरोगी पटाशीचा दात साधारण 10 ते 40 च्या दरम्यान बोलतो, दाढा बऱ्याच उशिरा.

ही मुलगी मात्र 10 च्या आतच हात वर करत होती. दाढांवरही आकडे कमीच. खुर्चीचा हात तिने घट्ट धरला होता. माझी सहकारी हळूच म्हणाली, "मॅडम, ही घाबरलीय. हिचे आकडे वगळूया का?"

शंका रास्त होती. घाबरलेला माणूस प्रवाह सुरू होण्याआधीच हात वर करतो. दात ओला राहिला तर प्रवाह हिरडीत उतरतो आणि आकडा फसवा येतो. म्हणून मी दात पुन्हा कोरडे केले आणि तिला न सांगता ओठाला लावलेल्या क्लिपची तार यंत्रापासून काढली, म्हणजे आता दातातून प्रवाह जाणारच नव्हता. टोक दातावर टेकवलं. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. हात वर झाला नाही. दुसऱ्या दातावरही नाही. तार जोडली आणि पुन्हा तोच आकडा, फार तर एका अंकाचा फरक.

घाबरलेली होती, पण सांगत होती ते खरं होतं.

मग थंडाची चाचणी केली. उणे 26 अंशांच्या फवाऱ्याने गार केलेला कापसाचा बोळा लावताच ती दचकली, पण बोळा काढल्यावर कळ दोन-तीन सेकंदांत विरली. मला हेच हवं होतं. कळ रेंगाळली असती तर आतल्या पल्पला सूज असल्याची शंका घ्यावी लागली असती. कीड नव्हती, हिरड्याही जागच्या जागी. दात निरोगी, फक्त लवकर जाणवणारे.

बिनप्रवाहाच्या चाचणीबद्दल तिला सांगितलं, तेव्हा ती रडायलाच लागली. "लहानपणापासून सगळे म्हणतात, दाताच्या डॉक्टरकडे गेली की ही नाटकं करते." एकदा भूल पुरेशी चढण्याआधीच तिचा दात कोरला होता, ओरडली तर रागावले होते. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. या यंत्राचा आकडा म्हणजे दुखण्याचं माप नव्हे, हे मी तिला सांगितलं. पण "भूल चढली का ते थंड लावून तपासा, मगच हात लावा" एवढं तिच्या कागदावर मी ठळक अक्षरांत लिहून दिलं.

तिचे आकडे आम्ही ठेवले. दुसऱ्या दिवसापासून बिनप्रवाहाची चाचणी सगळ्यांनाच सुरू केली, शांत बसणाऱ्यांनासुद्धा.