चव-परीक्षेची तयारी, आठवडा सहावा: केळ्याने चकवलं

रविवारी चौथा ग्लास वाइसबिअरचा, म्हणजे गव्हाच्या जर्मन बिअरचा होता. नेहमीप्रमाणे मेहुणा पाठीमागे ओतत होता आणि शैलीचं नाव तेवढं सांगत होता. बीजेसीपी ही बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या चव-परीक्षेतही तेवढंच सांगतात. वासाच्या रकान्यात मी लिहिलं: लवंग ठळक, ताजा पाव, केळं नाही. एकूण गुण 50 पैकी 31. रात्री पुण्याच्या मित्राशी फोनवर शीट ताडून पाहिली. त्याने त्याच खोक्यातली दुसरी बाटली उघडली होती. त्याचा पहिलाच शब्द 'केळं', तेही मध्यम ते जोरदार. गुण 39.

मी सावद्याकडचा. घरात आजोबांपासून केळी. कच्च्या घडाचा चीक, रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यावर अंगावर येणारा गोड दमट वास, ठिपके पडलेल्या केळ्याचा मधासारखा वास, हे सगळं मला डोळे मिटून वेगळं सांगता येतं. आणि ज्या एका बिअरची ओळखच केळं आहे, तिच्यात मला ते सापडलं नाही. दोन दिवस हे डोक्यातून जात नव्हतं.

उलगडा मेहुण्यामुळे झाला. तो पीत नाही, नुसता वास घेतो. बुधवारी उरलेल्या बाटलीला नाक लावून म्हणाला, "दाजी, हे तं गोयीतलं केयं!" लहानपणी दुकानात मिळायच्या त्या पिवळ्या गोळीतलं केळं. त्याने अगदी नेमकं पकडलं होतं. खऱ्या केळ्याच्या वासात कितीतरी घटक असतात: हिरवट, गोड, थोडे आंबलेले. वाइसबिअरचं यीस्ट मुख्यतः त्यातला एकच तयार करतं, आयसोअमाइल अॅसिटेट. माझं नाक अख्खा घड शोधत होतं आणि ग्लासात त्यातला एकच धागा होता.

मग किराणा दुकानातून केळ्याच्या इसेन्सची छोटी बाटली आणली. त्यातही मुख्य वास ह्याच एस्टरचा, म्हणजे फळासारख्या वासाच्या द्रव्याचा. साध्या लेगर बिअरचे तीन ग्लास घेतले आणि एकात इसेन्समध्ये बुडवलेली काडी फिरवली. अख्खा थेंब टाकू नका, सगळी बिअर गोळीच होऊन जाते. मेहुणा ग्लासांची जागा बदलतो, मी वेगळा ग्लास ओळखायचा. पहिल्या दिवशी पाचातून दोनदा बरोबर आलो, काल पाचही वेळा. पुन्हा वाइसबिअर उघडली तर केळं समोरच उभं, लवंग त्याच्या मागे.

मला सर्वात जास्त लागलं ते पुढचं. परीक्षेचे गुण पाच बाबींवर सारखे वाटलेले असतात: गुणांची अचूकता, जाणवलेल्या गोष्टी, वर्णन, बिअर बनवणाऱ्याला दिलेला सल्ला आणि शीटचा पूर्णपणा, प्रत्येकी 20 टक्के. केळं हुकलं म्हणजे दुसरी बाब गेली. 'शैलीला अपुरी' म्हणून गुण कापले, पहिली गेली. आणि सल्ला काय लिहिला? 'आंबवताना तापमान थोडं वाढवा, एस्टर येतील.' ज्याची बिअर मुळात उत्तम आहे, त्याला मी ती बिघडवायला सांगत होतो. एका वासाने तीन ठिकाणी पाडलं. म्हणून जे कळत नाही ते आधी पक्कं करायचं, शीट सुंदर भरायचा सराव नंतर.

सगळ्याच वासांनी दगा दिला असं नाही. डायअॅसिटिल, म्हणजे बिअरमधला लोण्यासारखा वास, मला पहिल्या दिवसापासून येतं, आणि ते आईच्या रवीमुळे. विरजणातले जिवाणूही तेच द्रव्य तयार करतात, म्हणून ताज्या लोण्याच्या गोळ्याचा वास आणि बिअरमधला लोण्याचा दोष एकाच घरातले. ग्लास तळहातात धरून थोडा कोमट केला की वास उठतो, जिभेवर बुळबुळीतपणा राहतो. आंबणं संपत आल्यावर यीस्टला थोडी ऊब आणि वेळ दिला तर ते स्वतःच डायअॅसिटिल परत शोषून घेतं, म्हणून सल्लाही सोपा.

डीएमएस म्हणजे बिअरमधला उकडलेल्या मक्यासारखा वास, त्याच्यासाठी आषाढासारखा महिना नाही. मक्याची कणसं उकडताना झाकण काढलं की पहिली वाफ येते, तिच्यावर नाक धरा. माल्टमधलं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातलं, एक द्रव्य उष्णतेने मोडून डीएमएस होतं आणि खळखळून उकळलं की वाफेबरोबर उडून जातं. झाकण ठेवून उकळणाऱ्याच्या बिअरमध्ये ते मागे राहतं. पहिल्या तीन सेकंदांत नाही पकडलं तर नाक सरावतं, म्हणून ग्लास हातात आल्या आल्या आधी वास, मग बाकी सगळं.

आमच्या उन्हाळ्यानेही एक धडा दिला. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या एप्रिलमध्ये वेगळ्या केल्या होत्या, एक फ्रिजमध्ये, एक पत्र्याखालच्या माळ्यावर. चौथ्या आठवड्यात शेजारी शेजारी उघडल्या. माळ्यावरची म्हणजे पावसात भिजलेलं केळीचं एक्स्पोर्टचं खोकं, हुबेहूब. ऑक्सिडेशनला, म्हणजे ऑक्सिजनने बिअर शिळी होण्याला, 'ओला पुठ्ठा' का म्हणतात हे पॅकहाउसमध्ये पावसाळा काढलेल्याला समजवावं लागत नाही. खानदेशात दुकानातून घेताना बाटलीवरची तारीख बघाच, आणि शोकेसच्या उन्हातली हिरवी बाटली घेऊ नका. होप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की जो वास येतो त्याला इंग्रजीत स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव आहे. तो प्राणी आपल्याकडे नाही. मी मनात त्याला 'जळकं रबर' म्हणतो आणि शीटवर त्यांचा शब्द लिहितो.

सराव शेतातल्या मोटारीच्या खोलीत चालतो. आईला घरात बिअर नको, आणि तिचं म्हणणं मला मान्य आहे. तिथला बल्ब पिवळा, त्यामुळे रंग फसतो. ग्लासामागे पांढरा कागद आणि मोबाइलची टॉर्च धरली की काम होतं. दिसण्याला 50 पैकी 3च गुण आहेत, त्यात फार वेळ घालवू नये. वासाला 12, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5, एकूण मताला 10. माझा वेळ मात्र अजून उलटा जातो. फेसावर चार ओळी होतात आणि चवीला घाई. सहा बिअरना 90 मिनिटं, म्हणजे एकीला 15. पहिल्या आठवड्यात मला 24 लागत होती, आता 17 लागतात.

ऑनलाइन प्रवेश परीक्षा, 60 मिनिटांत 180 प्रश्न, मार्चमध्ये सुटली. त्यानंतर चव-परीक्षेला एक वर्षाची मुदत असते. मला पुण्यात जागा मिळाली आहे, नऊ आठवडे राहिलेत.

पुढच्या रविवारी पहिल्यांदा सलग सहा ग्लास, घड्याळ लावून, प्रत्येकात जेमतेम 60 मिली. रात्री गाडी मेहुणाच चालवणार. सहापैकी एकात तो काडी फिरवणार आहे. कोणत्या ग्लासात आणि कोणत्या वासाची, ते मला सांगणार नाही. लवंगेची असेल असा माझा अंदाज आहे, कारण काल तो आईकडे काळ्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा मागत होता.