तिसरी घंटा

दिवसा भुसावळच्या एका पतपेढीत नोकरी आणि संध्याकाळी तालीम. आमच्या हौशी संस्थेत मी रंगमंच व्यवस्था बघते. पत्रिकेवर माझं नाव आभारांच्या जरा वर, बहुतेक वेळा ‘रंगमंच साहाय्य’ म्हणून चौघांच्या घोळक्यात छापलेलं असतं. नातेवाइकांना ‘नाटकात असते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कोणाचं काम करते?’ आत्याला एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्याकडच्या लग्नात तुझा काका असतो ना पळापळ करायला, तसं.” तसंच आहे. फक्त लग्नाचा मुहूर्त टळला तरी अक्षता पडतात.

या कामातली माझी सगळ्यात जास्त ताकद तिसऱ्या घंटेत जाते. पहिली आणि दुसरी कोणीही देतो, त्यांना कोणी विचारत नाही. तिसरी झाली की अनाउन्समेंट, अंधार, पडदा. मग मागे फिरता येत नाही. ती द्यायची मी. आणि नेमक्या त्याच वेळी विंगेत आयोजक येऊन उभे राहतात. तालुक्याच्या गावात प्रयोग कोणत्यातरी मंडळाने ठेवलेला असतो, दीपप्रज्वलनाला कोणी मोठा माणूस बोलावलेला असतो आणि त्याची गाडी अजून रस्त्यात असते. “ताई, पाहुना येवाले टाईम शे, थांबी जाय.” समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा, आपल्याला पोहे-चहा त्यानेच दिलेला. त्याला नाही कसं म्हणायचं?

पण इकडे विंगेत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. खान्देशातला मे म्हणजे रात्री नऊलाही भिंती तापलेल्या. मिशी स्पिरिट गमने चिकटवलेली असते, घामाने ती एका बाजूने सुटायला लागते. आमचे आप्पा म्हाताऱ्याची भूमिका करतात आणि त्यांना खरोखरच बीपी आहे. त्यांची गोळी, जेवण आणि पहिली एंट्री यांचं गणित मीच मांडलेलं असतं. समोर बायका स्वयंपाक उरकून आलेल्या, बाहेरगावच्यांची शेवटची एसटी ठरलेली. नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं की दुसऱ्या अंकात खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि नट मला विचारतात, ‘आज पब्लिक थंड का होतं?’

यावर मला जमलेला उपाय एकच: सत्कार मध्यंतरात. तारीख पक्की करतानाच हे बोलून घ्यायचं, प्रयोगाच्या संध्याकाळी नाही. संध्याकाळी कोणी ऐकत नाही. पाहुण्यांना मध्यंतरात गर्दी जास्त मिळते, चहाचा कप हातात असल्याने लोक टाळ्याही मोकळेपणी वाजवतात, असं मी सांगते. दुसरं खोटं आहे. चालतं.

जागेचा त्रास वेगळा. जळगावला नाट्यगृह आहे, धुळ्याला आहे, पण आमचे बरेच प्रयोग मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या मैदानावर होतात. मंगल कार्यालयाच्या स्टेजला विंगाच नसतात, आणि मधोमध नवरा-नवरीचं सोनेरी सिंहासन ठेवलेलं असतं. ते हलवायला सहा माणसं आणि मॅनेजरची परवानगी, दोन्ही आधी मिळवावी लागतात. मग वीज. हजार वॉटचा एक दिवा चार अँपिअरहून जास्त ओढतो. असे आठ एकदम लावले की पस्तीसच्या आसपास गेलो. लग्नाच्या माळांसाठी ओढलेल्या वायरीवर हे टाकलं तर वायर हाताला गरम लागते. म्हणून पोचल्या पोचल्या मी आधी वायरमनला शोधते, मेकअप रूम नंतर. डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, एका फेजवर, साऊंड दुसऱ्या फेजवर. नाहीतर स्पीकरमध्ये संपूर्ण नाटकभर घूंऽऽ.

लाइटवाला हॉलच्या मागच्या टोकाला आणि मी विंगेत. हेडसेट आमच्या बजेटात नाही. अंक सुरू होण्याआधी त्याला फोन लावायचा आणि अंक संपेपर्यंत तो चालूच ठेवायचा, कानात इअरफोन. एका प्रयोगाला ऐन मरणाच्या प्रसंगात त्याच्या आईचा फोन मध्ये घुसला. त्याने घाईत माझा कट करून तिचा घेतला. मुलगा मेला, दिवे गेले नाहीत, मृतदेह बराच वेळ उजेडात श्वास घेत पडून राहिला. तेव्हापासून सगळ्यांचे घरचे कॉल वळवलेले असतात आणि माझ्या हातात निळा कागद लावलेली बॅटरी असते. दोनदा दाखवली की तयार, एकदा लांब दाखवली की जा.

नव्या पोरांना एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती सगळ्यांचीच चुकते. अंधारात पायऱ्यांच्या कडा दिसाव्यात म्हणून ती गाडीच्या नंबरप्लेटच्या दुकानातून रेडियमची पट्टी आणतात. ती पट्टी उजेड पडला तरच चमकते. ब्लॅकआउटमध्ये कुठला उजेड? आपल्याला हवी ती उजेड पिऊन ठेवणारी पट्टी. तीही प्रयोगाआधी दिव्याखाली किंवा बॅटरीने चांगली भरून घ्यावी लागते.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, सगळ्यांना बक्षिसं असतात. आमच्यातले काही जण म्हणतात, रंगमंच व्यवस्थेलाही हवं. मला नाही पटत. परीक्षक समोर बसणार, त्यांना माझ्या कामातलं दिसणार काय? पैसे असतील तर त्यात दोन हेडसेट घेऊन द्या.

सध्या अडलंय ते केळ्यावर. नव्या नाटकात पहिल्या अंकात नायक खरं केळं खातो. आमच्या भागात केळ्यांना तोटा नाही, रावेरहून कोणीतरी अख्खा घड आणून देईल. प्रश्न सालीचा आहे. पुढच्याच प्रवेशात चार मुली अनवाणी नाचत येतात. दिग्दर्शकाला विचारलं, साल कोण उचलणार? तो म्हणाला, “तू बघ.” मी पाहिलं, आणि वहीत पेन्सिलने लिहिलं: मोलकरीण जाताना ताटलीसकट साल नेईल. पेन्सिलनेच, कारण रंगीत तालमीपर्यंत काहीच पक्कं नसतं. तर मोलकरणीचं काम करणारी म्हणते, “त्या प्रवेशात मी मालकावर रुसलेली आहे. मी त्याची साल का उचलू?” तिचं म्हणणं चूक नाही. दिग्दर्शक तिच्या बाजूने, आप्पा म्हणतात केळ्याऐवजी शेंगदाणे द्या, म्हणजे सालांऐवजी टरफलं. मंगळवारी तालीम आहे.