ज्या फसवणुकीची तक्रार होत नाही

वजनात काटा मारला गेला किंवा जाहिरातीतला दावा खोटा निघाला, तर ग्राहकाला ते उशिरा का होईना कळते आणि दाद मागता येते. मात्र ज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करायची त्या कंपन्यांनीच बंद दाराआड दर ठरवून घेतले असतील, तर माल चोख असतो, पावती बरोबर असते आणि सगळीकडे भाव सारखाच असल्यामुळे आपण नाडले जात आहोत अशी शंकासुद्धा येत नाही. तक्रारदारच नसलेला हा गुन्हा हुडकून काढणे, हे मला स्पर्धा नियामकांचे सर्वांत अवघड काम वाटते.

अमेरिकेने अशा संगनमतावर १८९० च्या शर्मन कायद्याने बंदी घातली, परंतु ते सिद्ध करायचे तर आतला माणूस फुटावा लागतो. पशुखाद्यात मिसळल्या जाणाऱ्या लायसीनच्या उत्पादकांचे संगनमत १९९० च्या दशकात उघडकीस आले, ते एका कंपनीचा अधिकारीच एफबीआयसाठी गुपचूप ध्वनिमुद्रण करत होता म्हणून. एका बैठकीच्या छुप्या चित्रीकरणात ही मंडळी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून, त्या बड्या ग्राहक कंपन्यांसाठी आणि एफबीआयसाठी राखून ठेवल्या आहेत, असा विनोद करताना दिसतात. चित्रीकरण अर्थातच एफबीआयचे होते.

असा माणूस दर वेळी हाती लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९३ मध्ये आपले माफीचे धोरण नव्याने आखले: तपास सुरू होण्याआधी जी कंपनी सर्वप्रथम कबुली देईल आणि अटी पाळेल तिला पूर्ण माफी, दुसऱ्या क्रमांकाला ती नाही. त्यामुळे संगनमतातील प्रत्येकाला सरकारइतकीच आपल्या भागीदारांचीही धास्ती वाटू लागते, आणि यातच या योजनेची खरी हुशारी आहे.

युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये मालमोटारींच्या उत्पादकांना सुमारे २.९३ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. हे संगनमत १४ वर्षे चालले होते, आणि ‘मान’ या कंपनीने ते सर्वांत आधी उघड केल्यामुळे तिला सुमारे १.२ अब्ज युरोंचा दंड माफ झाला. इतकी वर्षे फायदा उपटून सहीसलामत सुटावे, हे मला खटकतेच. तरीही या सौद्याशिवाय उरलेल्यांचा सुगावा लागणे कठीण होते, हे मान्य करावे लागते. शिवाय ती माफी फक्त दंडापुरती होती. जादा दराने मालमोटारी घेणाऱ्यांचा नुकसानभरपाई मागण्याचा हक्क तिच्यामुळे हिरावला गेला नाही.