बीएस्सी, मेजर वनस्पतिशास्त्र: क्रेडिटच्या वाटेवर काय काय लागलं

बारावीला पीसीबी घेतलेली आणि मेडिकलकडे न जाणारी मुलं हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. नव्या पॅटर्नमध्ये जीवशास्त्रातली पदवी घ्यायची तर नक्की काय काय पुरं करावं लागतं? त्यांच्या आईबाबांचाही हाच प्रश्न असतो, फक्त त्यात काळजी जास्त असते. मी २०२३-२४ मध्ये एका स्वायत्त कॉलेजात प्रवेश घेतला. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त कॉलेजांत त्याच वर्षी लागू झाली, संलग्न कॉलेजांत पुढच्या वर्षी. आमची पहिलीच तुकडी असल्याने सीनियर्सना विचारून काही उपयोग नव्हता, त्यांचा पॅटर्नच वेगळा होता. जे कळलं ते शासन निर्णय, सिलॅबस आणि विभागातल्या मॅडम यांच्याकडूनच.

सांगाडा आधी सांगते. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट किंवा दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी वेगळी चार क्रेडिट मिळवावी लागतात. साधारण निम्मा भार मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, असतो. उरलेल्यात मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, पर्यावरण आणि संविधानासारखे मूल्यशिक्षणाचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. ही यादी पाहून पहिल्या दिवशी वर्गातल्या बहुतेकांनी वही मिटली होती. मात्र या यादीतले सगळे निर्णय सारख्या महत्त्वाचे नाहीत. पुढची वाट ठरवणारे निर्णय मोजकेच आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येतो.

पहिल्या वर्षी आम्हाला तीन विषय होते: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मेजर करायचा, एक मायनर, आणि तिसरा सुटतो. मेजर वनस्पतिशास्त्र हे माझं ठरलेलं होतं. प्रश्न मायनरचा होता. वर्गातला ओघ असा, की वनस्पतिशास्त्र मेजर असेल तर प्राणिशास्त्र मायनर, म्हणजे दोन्हीकडे जीवशास्त्रच, आकृत्या काढायच्या, नावं पाठ करायची, रसायनातल्या गणितांपासून सुटका. मला प्राणिशास्त्र आवडायचंही. तरी मी रसायन ठेवलं, आणि त्याचं कारण विभागातल्या मॅडमनी सांगितलेलं एक झाड.

नरक्या. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं लहानसं झाड, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं अल्कलॉइड असतं. हे रसायन वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं, त्यानंतर १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते नरक्यात सापडलं. आज कॅन्सरवर वापरली जाणारी टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं याच रसायनापासून बनवली जातात. मागणी वाढली आणि जंगलातली झाडं तोडली जाऊ लागली. मॅडम म्हणाल्या, "अगं, झाड ओळखणारा माणूस लागतो, त्यातला रेणू ओळखणारा माणूसही लागतो. पण दोन्ही येणारी माणसं फार कमी आहेत बघ." त्या वाक्यानंतर मला फार विचार करावा लागला नाही.

मायनर रसायनाने मला घाम फोडला हे खरं. सेंद्रिय रसायनातली स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे तेच अणू, तेच बंध, पण अवकाशातली मांडणी वेगळी, हे डोळ्यांसमोर यायला वेळ लागला. पण ते आलं आणि मेजरचे पेपर बदलून गेले. एखादं एन्झाइम एकाच रूपातल्या साखरेला का धरतं आणि तिच्या आरशातल्या प्रतिबिंबाला का नाही, हे पाठ करायची गरज उरली नाही. प्रकाशसंश्लेषणातली इलेक्ट्रॉनची साखळी ही तर सरळ ऑक्सिडेशन-रिडक्शन आहे. वर्गात ज्यांनी रसायन सोडलं होतं त्यांना तीच साखळी बाणांसकट पाठ करावी लागत होती. ती मुलं माझ्याहून कमी हुशार नव्हती, त्यांना फक्त जास्त राबावं लागलं.

दुसरा निर्णय ओपन इलेक्टिव्हचा. नियम असा की हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा हवा. बहुतेक जण वेळापत्रकात सोयीचा तास बघून निवडतात. मी अकरावीलाच गणित सोडलेलं, आणि मेजरच्या सिलॅबसमध्ये तिसऱ्या वर्षी जैवसांख्यिकी दिसत होती. विज्ञान शाखेतला संख्याशास्त्राचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेता येत नव्हता, पण वाणिज्य शाखेत व्यवसाय सांख्यिकीचा कोर्स होता. मी तो घेतला. मध्यमान, प्रमाण विचलन, संभाव्यता, सहसंबंध, सगळं दुकानाच्या विक्रीच्या उदाहरणांतून. वर्गात विज्ञानाची मी एकटीच.

याचं फळ आनुवंशिकीच्या प्रॅक्टिकलला मिळालं. मेंडेलच्या वाटाण्यांचा खरा आकडा आहे ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. गुणोत्तर २.९६ : १ येतं, अगदी ३ : १ नाही. मग हा फरक योगायोगाचा की नियमातच खोट? एकूण ७३२४ दाणे, ३ : १ ने अपेक्षित ५४९३ आणि १८३१, दोन्हीकडे फरक १९ चा. काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक मोजणारा आकडा, काढला तर ०.२६ च्या आसपास येतो, आणि ज्याच्या वर गेलं तर फरक योगायोगाचा मानत नाहीत ती मर्यादा आहे ३.८४. म्हणजे फरक योगायोगाने येऊ शकतो इतकाच आहे, मेंडेलचा नियम टिकतो. हे गणित मी जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, स्वतःच्या हाताने केलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपण जीवशास्त्र शिकतोय. तोवर जीवशास्त्र नुसतं वाचत होते.

जर्नलवरून आठवलं. क्रेडिटच्या तक्त्यात जर्नल कुठेच दिसत नाही, पण सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, निदान आमच्याकडे तरी. दर आठवड्याला तपासून घ्या, शेवटच्या आठवड्यात मॅडमच्या टेबलावर रांग लागते. प्रॅक्टिकलचा हात मात्र आठवड्यात येत नाही. ब्लेडने खोडाचा इतका पातळ छेद घ्यायचा की पेशींचा एकच थर राहील, तो सॅफ्रानिनमध्ये रंगवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वरून कव्हरस्लिप अशी टेकवायची की बुडबुडा अडकणार नाही. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघायचं तर टोक बरोबर वाढीच्या वेळी कापलेलं हवं. मी रिकाम्या तासाला प्रयोगशाळेत जाऊन छेद घेत बसायचे. लॅब असिस्टंट काकांनी कधी नाही म्हटलं नाही, उलट ब्लेड कुठल्या कोनात धरायचं ते त्यांनीच दाखवलं. प्राणिशास्त्रवाल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी: बेडूक कापावा लागेल या भीतीने कुणी तो विषय टाळत असेल तर टाळू नये. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१४ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं आहे, आता मॉडेल, तयार स्लाइड आणि संगणकावर काम चालतं.

भाषा, पर्यावरण, संविधान, भारतीय ज्ञानप्रणाली हे कोर्स नियमित हजेरी आणि वेळेवर असाइनमेंट दिल्या की पार पडतात. फील्ड प्रोजेक्टवर मात्र जीव लावावा. आमच्या गटाने पावसाळ्यात कातळसड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, वनस्पतींची क्वाड्रॅट पद्धतीने नोंद केली. एक मीटरची चौकट जमिनीवर टाकायची, आतली प्रत्येक जात ओळखायची, मोजायची, पुढे सरकायचं. वरवर नुसता दगड दिसतो, पण जांभ्याच्या त्या पातळ मातीत कीटक खाणाऱ्या ड्रोसेरा आणि युट्रिक्युलेरिया वाढतात, कारण तिथे नायट्रोजन जवळजवळ नसतोच. पाऊस ओसरला की सगळं काही आठवड्यांत संपतं. तेव्हा प्रोजेक्टची परवानगी, गट आणि मार्गदर्शक जूनमध्येच पक्के करा. कॉलेजच्या वेळापत्रकात प्रोजेक्टला ऑक्टोबर दिलेला असेल तरी सडा ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही.

सहाव्या सत्रात ओजेटी होतं, चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. मला केळीची रोपं तयार करणाऱ्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत जागा मिळाली. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी तयार केलेलं माध्यम, एमएस मीडियम, आजही तिथे रोज बनतं. क्षारांचे स्टॉक सोल्युशन, ३ टक्के साखर, पीएच ५.८, मग अगार, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १२१ अंश सेल्सिअस. माझं पहिलं काम स्टॉक बनवण्याचं होतं. मोलॅरिटीची गणितं मायनरमध्ये इतकी घोटलेली होती, की तिथल्या ताईंनी तपासून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते टेबल माझ्याकडे दिलं. लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या टेबलासमोर, बसून कोंब कापून नव्या बाटलीत लावणाऱ्या बायका तिथे वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्या हाताचा वेग आणि स्वच्छता मी कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये पाहिली नव्हती. ओजेटीची जागा स्वतः शोधावी लागली तर पाचव्या सत्रातच पत्रं पाठवायला लागा, आणि कामाची डायरी रोज लिहा. सही-शिक्क्याचं पत्र आणि डायरी या दोन्हींवर गुण आहेत.

कागदपत्रांबद्दल एकच सांगते. एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे आपली क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं. तिथलं आपलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. माझ्या एका मैत्रिणीचं वडिलांचं नाव एकीकडे होतं, दुसरीकडे नव्हतं, आणि तिची एका सत्राची क्रेडिट कितीतरी काळ खात्यात दिसतच नव्हती. कार्यालयात तिला दर वेळी दुसऱ्या खिडकीवर पाठवलं जायचं. शेवटी आधार दुरुस्त करून घेतल्यावर काम झालं. सत्राचा निकाल लागला की डिजीलॉकर उघडून क्रेडिट जमा झाली का बघायची सवय लावून घ्या. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून तिथली क्रेडिट वळती करायची असतील तर कोर्सची यादी विभागाकडून आधी मंजूर करून घ्या. यूजीसीच्या नियमात ४० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण तुमचं कॉलेज कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरेल हे कॉलेजच ठरवतं.

तिसरं वर्ष संपताना पुन्हा दोन वाटा फुटतात. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चौथं वर्ष करून पुढे एक वर्षाची एमएस्सी. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. ते केलं आणि चार वर्षांच्या पदवीलाही ७५ टक्के राहिले, तर एमएस्सीशिवाय थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं. घरी यावर बरीच चर्चा झाली. बाबांना वाटत होतं की सगळे जातात तशी एमएस्सी सुरक्षित. आईचा प्रश्न अगदी नेमका होता: "चौथ्या वर्षी शिकवणार कोण?" मी तोच प्रश्न घेऊन विभागात गेले, कारण संशोधनासह ऑनर्स चालवायला मान्यताप्राप्त पीएचडी मार्गदर्शक लागतात. आमच्या विभागात तेव्हा ते पुरेसे नव्हते.

मग आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेतल्या बायोटेक्नॉलॉजी पेपरचा अभ्यासक्रम उघडला. त्यात जीवशास्त्राबरोबर रसायन, भौतिकशास्त्र आणि बारावीचं गणितही आहे. रसायनाचा भाग वाचताना बहुतेक मुद्दे ओळखीचे निघाले. गणित आणि भौतिकशास्त्राची अकरावी-बारावीची पुस्तकं मावसभावाकडून आणली आहेत. तीन वर्षांची पदवी घेऊन जॅमला बसायचं ठरलंय, आणि सध्या रोज सकाळी डेरिव्हेटिव्ह सोडवते आहे.