तुम्ही विचारलंत म्हणून: नरसिंह रावच का?

भाषांतराच्या कार्यशाळेत बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, चांगल्या भाषांतरकारांची नावं सांगताना तुम्ही दरवेळी नरसिंह रावांचं नाव का घेता? ते तर पंतप्रधान होते." चहाच्या गडबडीत मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि निघते. आज नीट सांगते.

मी सिरोंच्याची. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. आज्जीचं माहेर मंथनीकडचं, तिला मराठी जेमतेम कळायची. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचून दाखवत होते. म्हणजे पान मराठीत वाचायचं आणि तेलुगूत सांगायचं. यमूच्या सासरी पोचेपर्यंत बरं चाललं होतं, तिथे 'वन्सं' आडवं आलं. नवऱ्याची बहीण, एवढं सांगून भागेना, कारण त्या एका हाकेत सुनेचा धाक आहे. मी अडखळले तशी आज्जी निवडणं थांबवून म्हणाली, "आडबिड्ड." तिनं ते ज्या आवाजात म्हटलं, त्यात तिची स्वतःची नणंद उभी राहिली. 'मामंजी' मात्र सोपं गेलं. आमच्याकडेही सासऱ्याला मामाच म्हणतात. पुढे यमूच्या केशवपनाचं प्रकरण आलं. आज्जीनं सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेली. त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

हीच कादंबरी नरसिंह रावांनी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' या नावानं. साहित्य अकादमीनं ती काढली. विश्वनाथ सत्यनारायणांची 'वेयि पडगलु' ही तेलुगूतली अवाढव्य कादंबरी त्यांनी 'सहस्रफण' म्हणून हिंदीत आणली, ते काम तर याहून कितीतरी जड. पण मला अडवतं ते पहिलीचं नाव. हरिभाऊंचं शीर्षक म्हणजे यमूचा उसासा, अर्धवट सोडलेलं बोलणं. रावांनी उसासा काढून टाकला आणि सरळ सांगितलं: अबलेचं जिणं. मी असते तर प्रश्न राखायचा प्रयत्न केला असता आणि तेलुगूत तो बहुधा कृत्रिम झाला असता. मूळ लेखकाची लकब सोडून वाचणाऱ्याला काय पोचायला हवं ते निवडणं, याला धीर लागतो.

त्यांना मराठी आली कुठून? जन्म १९२१चा, वरंगळकडच्या लकनेपल्लीत. वंगराच्या घरात दत्तक गेले. निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून १९३८ मध्ये विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांत हे होते. मग शिक्षण आपल्याकडे: पुण्याचं फर्ग्युसन, आणि वकिली नागपूरला. रझाकारांच्या काळात सरहद्दीवर चांद्याला राहून काम केलं. तेव्हा तेलुगू घरची, उर्दू राज्यकर्त्यांची, मराठी आसऱ्याची. निकड पडली तिथली भाषा माणूस मनापासून शिकतो, हे मी माझ्या गावात रोज पाहिलंय.

मंथनीचे ते १९५७ पासून वीस वर्षं आमदार होते, मधे आंध्रचे मुख्यमंत्री. १९८४ च्या लाटेत भाजपला देशभरात दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक हनमकोंडा, आणि तिथे पडले ते रावच. त्याच वेळी रामटेकनं त्यांना लोकसभेत पाठवलं, १९८९ लाही पुन्हा. रामटेकच्या माणसांशी बोलायला त्यांना दुभाष्या लागला नाही.

आता पंतप्रधानपदाकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. भाषांतरकार पानावर दिसत नाही. दुसऱ्याच्या नावाखाली काम होऊ देणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. १९९१ मध्ये परकीय चलन आयातीच्या जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं उरलं होतं, सोनं गहाण गेलं होतं. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. २४ जुलैला परवाना राज मोडणारं औद्योगिक धोरण संसदेत मांडलं ते राज्यमंत्री कुरियन यांनी, आणि काही तासांनी मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने गेले, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा अर्थसंकल्पाचीच. १९९४ मध्ये जीनिव्हाला काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडायला त्यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना धाडलं. स्वतःच्या तोंडून बोलायचा हट्ट नाही. हा गुण मला फार मोठा वाटतो.

पण हाच गुण जीवघेणाही ठरला, हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांना मारत होते तेव्हा गृहमंत्री हेच होते. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पडली तेव्हा पंतप्रधान. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हमीवर ते विसंबून राहिले. कायद्याच्या बाजूनं त्यांचं समर्थन करणारे आहेत, मी ते वाचलंय आणि मला ते पुरेसं वाटत नाही. त्यानंतर मुंबईत डिसेंबर-जानेवारीत जे झालं ते आपल्या लोकांनी सोसलं. काही वेळा मजकूर आणि वाचक यांच्यामधून बाजूला व्हायचं नसतं, स्वतःच्या आवाजात ओरडायचं असतं. ते त्यांना जमलं नाही. मी त्यांना मानते आणि हे माफ करत नाही, दोन्ही खरं आहे.

२००४ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचं पार्थिव दिल्लीत पक्षाच्या मुख्यालयाच्या आत नेलं गेलं नाही, अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. भारतरत्न २०२४ मध्ये, मरणोत्तर.

ते पंतप्रधान असतानाच मला पेपरात वाचून कळलं की यमूला तेलुगूत नेणारे हेच. मी धावत जाऊन आज्जीला सांगितलं. पंतप्रधान वगैरे तिच्या फारसं ध्यानात नव्हतं. ती म्हणाली, "कोण, आमचा मंथनीचा एमेल्ये?" आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग त्यानं तिथे आडबिड्डच लिहिलंय ना?"